कोट आणि नाव

दिवाळीच्या तोंडावर महाडच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानांतून जी गर्दी उसळते ती पाहिली म्हणजे अन्नाखालोखाल माणसाला कशाची ओढ असेल तर ती नव्या कपड्याची, याविषयी शंका उरत नाही. आपल्या भाषेने मात्र या ओढीविषयी दोन्ही दरडींवर पाय ठेवले आहेत. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ असे आपण म्हणतो आणि त्याच दमात ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ असेही म्हणतो. पहिली म्हण लग्न ठरवताना उपयोगी पडते, दुसरी ते मोडल्यावर!

इस्त्रीचा सदरा, कोट, टाय, पायांत चकचकीत बूट असा कचेरीचा पोशाख केलेला माणूस अधिक विश्वासाचा वाटतो काय? वाटतो, यात वाद नाही. 1955 साली अमेरिकेतील टेक्सास संस्थानात लेफ्कोविट्झ, ब्लेक आणि मूटन या तिघा मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. रस्ता ओलांडू नये असा दिवा लागलेला असताना एका इसमाने मुद्दाम रस्ता ओलांडायचा. कधी त्याच्या अंगावर उंची सूट, तर कधी कामकऱ्याचे मळके कपडे. सूट घातलेला असताना त्याच्या पाठोपाठ नियम मोडून जाणारे लोक अधिक निघाले. माणूस तोच, गुन्हा तोच. मागे जाणाऱ्यांनी कोटाला पुढारी मानले.

हे पाहायला टेक्सासपर्यंत जाण्याचेही कारण नाही. आमच्या पोलादपूरकडे वाण्याच्या दुकानात मळकी बंडी घालून बसलेल्या म्हाताऱ्याच्या वहीवर माणसे वर्षानुवर्षे विश्वास ठेवतात. त्याचे घर, त्याचे पोर, त्याची खोड सगळ्यांना ठाऊक असते. त्याच गावात शहरातून गळ्यात टाय बांधलेला कुणी दामदुपटीची योजना घेऊन येतो, आणि वाण्याशी चार आण्यांवरून हुज्जत घालणारा गृहस्थ त्याच्या हाती मुंबईच्या गिरणीतून आणलेली शिल्लक ठेवतो. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राला 1999 साली आणि केंद्र सरकारला 2019 साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून हा रोग एका तालुक्यापुरता नाही हे उघड आहे.

तेव्हा कोट विश्वास उत्पन्न करतो हे खरे. खरा प्रश्न पुढचा आहे: हा विश्वास येतो कोठून, आणि तो ठेवणाऱ्याने काय पाहावे? मराठी वाङ्मयात या प्रश्नाला ज्या कलाकृतीने सरळ हात घातला ती म्हणजे आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’. एका खऱ्या खटल्याच्या आधारे लिहिलेले हे नाटक ऑक्टोबर 1962 मध्ये ‘नाट्यनिकेतन’ने दिल्लीत प्रथम रंगभूमीवर आणले. आरोपीच्या पिंजऱ्यात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे उभा आहे. साक्षीदारांमागून साक्षीदार येतात, आणि हाच तो, असे सांगतात. कुणाला तो दिवाकर दातार म्हणून भेटला, कुणाला कॅप्टन अशोक परांजपे म्हणून, कुणाला राधेश्याम महाराज म्हणून. लखोबा प्रत्येकाला शांतपणे नकार देतो. प्रभाकर पणशीकर ही सारी रूपे एकट्याने उभी करीत, आणि फिरता रंगमंच क्षणार्धात कोर्टातून दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरात घेऊन जाई.

या नाटकाचे तात्पर्य ‘कपड्यांवर भुलू नका’ एवढेच सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. लखोबाने घातलेली सोंगे जरा एका ओळीत मांडून पाहा. शास्त्री, कॅप्टन, महाराज. यांतले एकही सोंग त्याने स्वतः निर्माण केलेले नाही. शास्त्र्याविषयीचा आदर पिढ्यान्‌पिढ्यांच्या खऱ्या अध्ययनाने साठलेला, लष्करी अधिकाऱ्याविषयीचा आदर खऱ्या शिपायांच्या रक्ताने साठलेला. लखोबा त्या साठ्यावर हुंडी काढतो आणि ती वटली की गाव सोडतो. फसलेल्या बायकांना ‘एवढी कशी अक्कल नव्हती?’ असे विचारणारे प्रेक्षक मी पाहिले आहेत. त्या बायकांची अक्कल शाबूत होती. ज्या वेषाला मान द्यावा असे त्यांना लहानपणापासून सांगितले गेले त्याला त्यांनी मान दिला, एवढाच त्यांचा अपराध.

दुसरी गोष्ट त्या फिरत्या रंगमंचाची. त्याकडे आपण यंत्राची करामत म्हणून पाहिले. पण त्यात नाटकाचा अर्थही भरला आहे. लखोबाचे प्रत्येक सोंग नव्या गावात चालते. जेथे त्याला कुणी ओळखत नाही तेथेच कपडा त्याच्या वतीने बोलू शकतो. कॅप्टनला ओळखणारी आणि महाराजांना ओळखणारी माणसे एका छपराखाली आली त्या दिवशी त्याचा धंदा बुडाला, आणि ते छप्पर कोर्टाचे होते.

अत्र्यांच्या या नाटकात एक उणीवही आहे, आणि ती त्याच्या यशातूनच आली आहे. वेषांतरे इतकी बहारीची आहेत की टाळ्या ठकाला मिळतात. प्रेक्षक पणशीकरांची तारीफ करीत घरी जातात; ज्यांचा संसार उधळला त्या बायका साक्ष देऊन निघून जातात आणि आपण त्यांना विसरतो. कपड्याला भुलणे किती सोपे असते याचा पुरावा जणू नाट्यगृहातच मिळतो. शिवाय हे नाटक कपड्याची एकच बाजू दाखवते: ज्याची लायकी नाही तो मान उपटतो ती. ज्याची लायकी आहे त्याला कपडा असूनही मान नाकारला जातो, ही दुसरी बाजू त्यात येत नाही. ती पाहायची तर नाट्यगृहातून उठून महाडला यावे लागेल. पण त्याआधी वाटेत दोन ठिकाणी थांबले पाहिजे.

पहिले ठिकाण सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशन, साल 1901. नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर, त्यांचे बंधू आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले होते. प्रवासासाठी मुद्दाम नवे कपडे शिवले होते: विलायती कापडाचे सदरे, चमकदार टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे बूट. न्यायला कुणी आले नाही म्हणून मुले ताटकळली, तेव्हा स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. कपड्यांवरून ती त्याला ब्राह्मणांची मुले वाटली. आपण महार आहोत असे मुलांनी सांगताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. अखेर मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बरोबर चालायचे, अशा अटीवर एकजण तयार झाला. कपड्याने मिळवलेला विश्वास जातीच्या नावापाशी येताच संपला.

दुसरे ठिकाण बडोदे, 1917. अमेरिका आणि इंग्लंड येथे शिकून आलेल्या आंबेडकरांना संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायचे होते आणि राहायला जागा मिळेना. ते एका पारशी धर्मशाळेत गेले. कपडे उतरवताना तेथल्या व्यवस्थापकाला दिसले, की यांच्या अंगात सदरा आणि कमरेला कस्ती नाही. पारशी नाव लिहून राहायची तोड निघाली. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेली डझनभर पारशी माणसे दाराशी उभी राहिली. ही हकीगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. लखोबा लुटण्यासाठी परके नाव घेतो. येथे एका विद्वानाला पाठ टेकण्यापुरती जागा मिळावी म्हणून ते घ्यावे लागले. दोघांना एकाच मापाने मोजणारी टीका आंधळी म्हटली पाहिजे.

आता महाड. मुंबई कायदेमंडळाने 1923 साली बोले यांचा ठराव मंजूर केला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. कागदावरचा हा हक्क 20 मार्च 1927 रोजी पाणी पिऊन बजावला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली, 25 तारखेला मनुस्मृती जाळली गेली, आणि त्या दिवसांत बाबासाहेब जमलेल्या बायकांशी वेगळे बोलले. वरच्या वर्गातल्या बायका नेसतात तसे लुगडे नेसा, चांदी-कथलाच्या दागिन्यांचा भार उतरवा, मुलींना शाळेत घाला, असे त्यांनी सांगितले. नेसण्याची ती पद्धत आणि ते दागिने ही जातीची खूण होती. लांबून पाहूनच माणसाने अंग चोरावे यासाठी ठेवलेली. दुसऱ्या दिवशी बायका नव्या पद्धतीने नेसून आल्या, असे त्या परिषदेच्या आठवणींत सांगितले जाते.

येथे एक अडचण उभी राहते आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चौदाव्या शतकातील चोखोबांनी उसाचा दाखला देऊन बाहेरच्या रूपाला भुलणाऱ्यांना खडा सवाल केला होता. तो अभंग महाराष्ट्राच्या तोंडी आहे. मग त्याच समाजात जन्मलेल्या बाबासाहेबांनी सहाशे वर्षांनी बाहेरचे रूप बदलायला का सांगावे? मला याचे उत्तर असे दिसते, की दोघांचे श्रोते वेगळे होते. चोखोबा पाहणाऱ्याला उद्देशून बोलतात: तू वरचे पाहू नकोस. बाबासाहेब नेसणाऱ्यांशी बोलत होते: दुसऱ्याने ठरवून दिलेली खूण तुम्ही अंगावर वागवू नका. पाहणारा सहाशे वर्षांत सुधारला नाही, तेव्हा नेसणाऱ्याने त्याच्या सुधारण्याची वाट का पाहावी?

गांधीजींनी सप्टेंबर 1921 मध्ये मदुरेला अंगातले कपडे टाकून पंचा स्वीकारला, आणि देशाने त्यांच्यावर अधिकच विश्वास ठेवला. बाबासाहेबांनी कोट सोडला नाही, म्हणून त्यांना कित्येकांनी साहेबी म्हटले. पण बॅरिस्टराच्या अंगात कोट असणारच हे जगाने गृहीत धरले होते, म्हणून गांधीजींच्या पंच्याला त्याग म्हणता आले. ज्यांच्या अंगावर धड वस्त्र असू नये असा रिवाज होता त्यांनी पंचा नेसला असता तर त्याला त्याग कुणी म्हटले असते?

महाडच्या लोकांनी कपड्यांचे हे प्रकरण बदलत्या रिवाजांवर सोडले नाही. ते कोर्टात गेले. तळ्यावर आपली खासगी मालकी आहे असे सांगून सवर्णांनी डिसेंबर 1927 मध्ये दावा लावला. त्यात बाबासाहेब प्रतिवादी होते. खटला जवळजवळ दहा वर्षे चालला, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने, अस्पृश्यांना बंदी करणारी रूढी अनादि काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, असा निकाल दिला. आता दोन आरोपी-प्रतिवादी शेजारी उभे करून पाहा. लखोबाजवळ अनेक पोशाख आहेत, आणि प्रत्येकाविषयी त्याचे उत्तर ‘तो मी नव्हेच’. महाडचा प्रतिवादी एकाच कोटात दहा वर्षे कागदोपत्री आपल्या नावाने उभा आहे. पाणी प्यायला कुणी सांगितले, असे विचारले तर त्याचे उत्तर ‘तो मीच’. आमच्या गावोगावच्या पुतळ्यांच्या अंगावरच्या निळ्या कोटाला जो विश्वास आहे तो या उत्तराचा आहे, शिंप्याचा नव्हे.

यातून पाहणाऱ्यासाठी एक साधी कसोटी निघते. वकिलाच्या काळ्या कोटावर आपण विश्वास टाकतो, कारण त्या कोटामागे सनद असते, सनदेमागे नोंदवही असते, आणि गैरवर्तन केले तर ती सनद काढून घेता येते. कोटामागे असे कोणी उत्तरदायी नसेल तर तो कोट खुंटीवर टांगलेला समजावा. अलीकडे फोनच्या पडद्यावर पोलिसाचा गणवेश घातलेला कुणी अवतरतो, ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे दरडावतो आणि शहाण्यासुरत्या माणसांना लुबाडतो. 27 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांना आपल्या आकाशवाणीवरील भाषणात सांगावे लागले, की अशी अटक कायद्यात नाहीच. लखोबाला निदान गाव बदलावे लागत होते. याला खोलीसुद्धा सोडावी लागत नाही. फोन ठेवून आपण होऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जाणे, म्हणजे त्या गणवेशामागची नोंदवही तपासणे, हाच त्यावरचा उपाय आहे.

आणि नेसणाऱ्यासाठी? पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघालेला मुलगा उसना कोट घालून एसटीत बसतो, तेव्हा त्याला हसू नये. तो कुणाला फसवायला निघालेला नाही. आपले म्हणणे निदान ऐकले जावे एवढीच त्याची मागणी आहे. त्याच्या अर्जावर त्याचे खरे नाव आहे, गाव आहे, बापाचे नाव आहे. समोर बसलेल्यांनी कोट जरूर पाहावा, पण मग अर्ज उघडून नीट वाचावा.