पॉलिसी कुणाची?

अण्णासाहेब कर्व्यांच्या त्यागाविषयी बोलायचं झालं की आपण त्यांचं 'आत्मवृत्त' पुढे करतो. त्याच्या शेजारी 'माझे पुराण' ठेवून वाचणारे थोडे. हे पुस्तक त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचं, म्हणजे बायांचं. १९४४ साली ते निघालं आणि संपादन केलं सूनबाई कावेरी कर्व्यांनी. दानाविषयी मी जे काही वाचलंय त्यात हे पुस्तक मी वरचं मानते, आणि गंमत म्हणजे ते दानाविषयी नाहीच.

अण्णा लहानपणापासून देणारे. रुपयामागे एक पैसा मुरुडच्या कामासाठी बाजूला काढायचा, हा त्यांचा नेम. देणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. पण १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा त्यांनी आपली पाच हजारांची विमा पॉलिसी आश्रमाच्या नावे करून दिली, ती गोष्ट वेगळी. फर्ग्युसनमधला पगार मोजका, घरात मुलं. बायांना ते जड गेलं.

आता इथे जरा थांबायला हवं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या भल्यासाठी 'स्व'चं, आपल्या मालकीचं, सोडणं म्हणजे दान. आमच्याकडे प्रवचनात 'सोडणं' यावर तास जातो, 'स्व' दोन मिनिटांत संपतो. पॉलिसी म्हणजे काय हो? ते पैसे नवरा गेल्यावर यायचे. अण्णांच्या हाती ते कधी लागणारच नव्हते. ते बायांचे होते, विधवा बायांचे. विधवांसाठी घर उभं करणाऱ्या माणसाने आपल्या बायकोची वैधव्याची शिदोरी त्यात घातली! आणि ही बाई कोण, तर एकदा विधवापण भोगून शारदा सदनात शिकलेली, १८९३ मध्ये पुनर्विवाह करून त्यापायी बहिष्कार सोसलेली गोदूबाई. त्या शिदोरीची किंमत तिच्याइतकी कुणाला कळणार?

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं, की बायाही त्या त्यागात सहभागी होत्या. मला ते पटत नाही. सहभागी असायला आधी विचारावं लागतं. 'माझे पुराण' वाचताना मला जाणवतं की बाया स्वतःला त्यागमूर्ती करून घेत नाहीत. नवऱ्याविषयीचा आदर आणि संसाराच्या ओढाताणीची कुरकुर एकाच दमात येते. सांगण्याची भाषा माजघरातली, बसून बोलल्यासारखी. त्यामुळे प्रसंग कुठेकुठे घरंगळतात, काळाचा धागा सुटतो. संपादिकेने तो थोडा ओढून धरला असता तर बरं झालं असतं. पण फार नीटनेटकं केलं असतं तर कुरकुर पहिली गेली असती, हेही खरं.

मी अण्णांना दोषी ठरवत नाही. पाच हजार तेव्हा फार मोठी रक्कम होती, आणि आधी स्वतःचं घातल्याशिवाय दुसऱ्याच्या दारात वर्गणी मागायला जायचं कोणत्या तोंडाने? पुढे १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी महिला विद्यापीठाला पंधरा लाख देऊ केले आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. त्या दानाने हजारो मुली शिकल्या, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आमच्या इंदूरच्या मंदिरांतही दात्यांच्या पाट्या आहेत, बोली लागते, कलश कुणाचा ते सगळ्यांना कळतं. बायांच्या पाच हजारांची पाटी कुठे असणार? दात्याच्या जागी नाव तर अण्णांचंच लागलं असतं.

पुढे झालं असं, की बाया १९५० मध्ये गेल्या आणि अण्णा १९६२ पर्यंत, १०४ वर्षं जगले. पॉलिसीची गरज बायांना पडलीच नाही. काहीजण यावरून अण्णांचं बरोबर होतं असं म्हणतील. पण १८९६ मध्ये, कडेवर पोर असताना, हे बायांना कुणी सांगितलं होतं?

दोन्ही पुस्तकं वाचायची तर 'आत्मवृत्त' आधी घ्यावं. उलट क्रमाने वाचलं तर अण्णांवर उगाच राग येतो.