मात्रा आणि वेळ : 'अवर स्टोलन फ्यूचर' वाचताना

संप्रेरकांचा धडा शिकवताना आपण एक गोष्ट आवर्जून सांगतो : रक्तातील त्यांचे प्रमाण अत्यल्प असते, पण काम फार मोठे. मग पेशीवरील संप्रेरकाची जागा एखाद्या परक्या रसायनाने घेतली, आणि तीही गर्भाची इंद्रिये घडत असताना, तर काय होईल? थिओ कोलबॉर्न, डायान डुमानोस्की व जॉन पीटरसन मायर्स यांचे 1996 चे हे इंग्रजी पुस्तक याच प्रश्नाचा रहस्यकथेच्या ढंगाने माग काढते.

पुस्तकातील सर्वांत भक्कम प्रकरण डीईएसचे. 1938 मध्ये तयार झालेले हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टळावा म्हणून गर्भवतींना देत. 1953 च्या चाचणीत ते निरुपयोगी ठरले, तरी वापर चालूच राहिला. 1971 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी तरुण मुलींमधील योनिमार्गाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचा संबंध आईने गरोदरपणी घेतलेल्या डीईएसशी जोडला. अपाय दिसला तो पंधरा-वीस वर्षांनी, पुढच्या पिढीत. विषाची मात्रा पाहतो तशी वेळही पाहिली पाहिजे, हे लेखकांनी उत्तम पटवले आहे.

मात्र डीईएस हे औषध होते. कोणाला, केव्हा, किती दिले याच्या नोंदी होत्या. प्लॅस्टिकमधील बिस्फेनॉल-ए किंवा थॅलेट यांच्याबाबत तशा नोंदी नसतात. पुस्तक मात्र दोन्हींविषयी जवळजवळ एकाच स्वरात बोलते. सिद्ध काय आणि संशयित काय, हे वाचकाला वेगळे करता येत नाही. बिस्फेनॉल-ए चा वाद तर अजून मिटलेला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये त्याची दैनिक मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेला ती मान्य झाली नाही.

दुसरी उणीव शेवटच्या सल्ल्यांत आहे. प्लॅस्टिकच्या भांड्यात अन्न तापवू नये, हे योग्यच. थॅलेट स्निग्ध पदार्थात सहज उतरते, म्हणून भूमचा गरम खवा प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नये, असे आपणही सांगू. पण धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात फवारलेल्या सोयाबीनमध्ये खुरपणाऱ्या गर्भवती मजूर बाईने काय निवडावे? फवारणीचा दिवस ती ठरवत नाही. शिवाय आपल्याकडे कीटकनाशकालाही 'औषध'च म्हणतात!

तिच्या उपयोगाचे पान दुसरेच आहे. फ्लोरिडातील अपोप्का तळ्यात 1980 मध्ये एका कारखान्यातून डायकोफॉल सांडले. पुढे तेथील मगरींची संख्या घटली आणि नर पिल्लांची जननेंद्रिये खुरटलेली आढळली. त्याच डायकोफॉलवर भारतात बंदी आली ती 2023 मध्ये. रसायन निर्धोक असल्याचे आधी उत्पादकाने दाखवावे, ही लेखकांची मागणी म्हणूनच मोलाची वाटते.

शिक्षकांनी पुस्तक जरूर वाचावे. वर्गात त्यातील एकेक प्रकरण घेऊन पुरावा माणसांचा, प्राण्यांचा की केवळ तर्काचा, हे विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे. पुस्तकाने न केलेले हे काम वर्गात सहज होईल.