चित्त्याच्या घराची मोजणी

एका घरात वर्षाला शंभर पोती धान्य येते. एका माणसाला वर्षाला चार पोती लागतात. तर त्या घरात किती माणसे राहू शकतील? पाचवीतला मुलगा चटकन 'पंचवीस' असे सांगेल. भागाकार अगदी बरोबर आहे. पण घर एकाच खोलीचे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते आणि त्यानेही ते विचारले नाही.

भारतात चित्ता आणण्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये जो कृती आराखडा प्रसिद्ध केला, तो वाचताना या गणिताची आठवण येते. आराखडा अभ्यासपूर्ण आहे. तो तयार करणाऱ्यांत यादवेंद्रदेव झाला आणि एम. के. रणजितसिंह यांच्यासारखे जाणकार आहेत. तरीही 'ही जागा तयार आहे का?' या मुख्य प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे, कारण तेथे झालेली चूक आपल्याकडे पुन्हा होऊ शकते.

आधी थोडा इतिहास. आपल्या देशातील शेवटच्या चित्त्यांपैकी तीन १९४७ च्या सुमारास आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानात मारले गेले. १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. तो परत आणायचा झाला तर कोठे, याची पाहणी होऊन २०१० मध्ये अहवाल आला. त्यात दहा ठिकाणांची तुलना करून मध्य प्रदेशातील कुनो आणि नौरादेही व राजस्थानातील शाहगड ही तीन ठिकाणे सुचवली होती. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१३ मध्ये न्यायालयाने चित्ते आणण्याचा निर्णय रद्द केला आणि कुनोत गीरचे सिंह न्यावेत असा आदेश दिला. २०२० मध्ये मात्र प्रयोग म्हणून आफ्रिकेतील चित्ते आणायला परवानगी मिळाली. हे चित्ते आपल्याकडील चित्त्यांहून वेगळ्या उपजातीचे आहेत. आराखड्याच्या इंग्रजी नावातही 'पुन्हा आणणे' असा शब्द नाही, नुसते 'आणणे' आहे. हा प्रामाणिकपणा नोंदवायला हवा.

आराखड्याची जमेची बाजूही मोठी आहे. आणल्या जाणाऱ्या चित्त्यांची निवड, रोगतपासणी, आधी कुंपणात ठेवून मग हळूहळू मोकळे सोडणे, रेडिओ पट्ट्याने माग ठेवणे, या सगळ्याची त्यात तपशीलवार मांडणी आहे. एका उद्यानातली लहान संख्या एकटी टिकणार नाही, म्हणून निरनिराळ्या ठिकाणांमध्ये चित्त्यांची देवघेव करावी लागेल, हेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. असे लेखी नियोजन आपल्याकडे नेहमी होत नाही.

आता मुख्य आकड्याकडे वळू. कुनो राष्ट्रीय उद्यान ७४८ चौरस किलोमीटरचे आहे. तेथे चितळ आणि इतर सावज किती आहे हे मोजून आराखड्याने अंदाज केला की उद्यानात २१ चित्ते राहू शकतील, आणि भोवतालचा मोठा प्रदेश सुधारला तर ३६. याला वहनक्षमता म्हणतात. म्हणजे एखादी जागा एका जातीचे किती प्राणी कायमचे पोसू शकते, ती संख्या. २१ भागिले ७४८ केले तर दर १०० चौरस किलोमीटरला २.८ चित्ते येतात.

२०२२ मध्येच 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात अर्जुन गोपालस्वामी आणि सहकाऱ्यांनी याच आकड्यावर बोट ठेवले. आफ्रिकेत कुंपण नसलेल्या चांगल्या प्रदेशातही १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे एक चित्ता आढळतो, बहुतेक ठिकाणी त्याहूनही कमी. या हिशेबाने कुनोत सात-आठच चित्ते मावतील. दक्षिण आफ्रिकेतील लहान अभयारण्यांत याहून जास्त दाटी दिसते, पण तेथे कुंपण असते. कुनोला कुंपण नाही.

सावज भरपूर असताना चित्ते कमी का राहतात? उत्तर चित्त्याच्या वागण्यात आहे. नामिबियात बेटिना वाख्टर, यॉर्ग मेल्झहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे चित्त्यांच्या गळ्यात पट्टे बांधून त्यांचा माग काढला. त्यांना असे दिसले की काही नर एक ठराविक क्षेत्र आपले म्हणून राखतात. त्या क्षेत्रात खुणा करण्याची झाडे असतात. इतर नर आणि माद्या तेथे येऊन वास घेतात, म्हणजे एक प्रकारे गावच्या पारावर येऊन कोण आले, कोण गेले याची चौकशी करतात. ज्या नरांना असे क्षेत्र मिळत नाही ते फार मोठ्या प्रदेशात भटकत राहतात. आणि अशी दोन क्षेत्रे एकमेकांपासून २० ते २३ किलोमीटर अंतरावर असतात, मध्ये सावज कितीही असो. २०२३ च्या वसंतात त्यांनी हा मुद्दा कुनोच्या संदर्भात मांडला आणि चित्ते उद्यानाबाहेर जातील असा इशारा दिला.

हे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. ७४८ चौरस किलोमीटरचे उद्यान चौरस आहे असे धरले तर त्याची बाजू साधारण २७ किलोमीटर येते. कागदावर असा चौरस काढून त्यात २० किलोमीटरहून कमी अंतर होणार नाही असे ठिपके मुलांना मांडायला सांगा. चार कोपऱ्यांत चार ठिपके बसतील. पण प्रत्येक ठिपक्याभोवती दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले की त्याचा बहुतेक भाग चौरसाबाहेर, म्हणजे शेतांत आणि गावांत जाईल. ठिपका मध्यभागी ठेवला तर मात्र एकावरच थांबावे लागेल. कोठारातले धान्य मोजून खोल्यांची संख्या कळत नाही, हे मुलांना या आकृतीतून दिसेल.

प्रत्यक्षात काय झाले? १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनोत आले. मोकळे सोडल्यावर काही आठवड्यांतच एक नर उद्यानाबाहेरच्या गावाजवळ पोहोचला. पुढे काही चित्ते राजस्थानात गेले आणि त्यांना बेशुद्ध करून परत आणावे लागले. आपली हद्द कोठे संपते हे चित्त्याला कोण सांगणार? तो चित्त्यासारखाच वागला. चूक मोजणीच्या पद्धतीत होती.

दुसरी गोष्ट ऋतूंची. चित्ते आले ते दक्षिण गोलार्धातून. तेथे जून ते ऑगस्ट हा हिवाळा असतो, आणि त्या सुमारास चित्त्यांच्या अंगावर दाट केस येतात. शरीराचे हे घड्याळ विमानप्रवासाने लगेच बदलत नाही. कुनोत त्याच महिन्यांत दमट, कोंदट पावसाळा होता. दाट केस, त्यावर पट्टा, त्याखाली ओल, त्यातून जखमा, जखमांत अळ्या आणि शेवटी रक्तात जंतुसंसर्ग, अशी साखळी २०२३ च्या पावसाळ्यात दगावलेल्या चित्त्यांपैकी काहींच्या बाबतीत पुढे आली. आफ्रिकेतील अनुभवी तज्ज्ञांनाही हे अनपेक्षित होते. ऑगस्ट २०२३ मध्ये उरलेल्या सगळ्या चित्त्यांना पुन्हा कुंपणात आणण्यात आले, आणि त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ बहुतेक चित्ते तेथेच राहिले. जागेची पाहणी करताना आपण जमीन, पाणी आणि सावज पाहतो, पण येणारा प्राणी तेथे कोणत्या महिन्यात, कोणत्या शारीरिक अवस्थेत असेल हेही जागेच्या तयारीतच मोजायला हवे. भूगोलाचा हा साधा पाठ फार महागात पडला.

तिसरी गोष्ट माणसांची. कुनोची जागा 'मोकळी' दिसते, कारण ती मोकळी करण्यात आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षांत तेथून २४ गावे हलवली गेली. दीड हजारांहून अधिक कुटुंबे उठली, त्यांत बहुतेक सहरिया आदिवासी होते. त्यांना सांगितले होते की येथे सिंह येणार आहेत. सिंह अजूनही आलेले नाहीत. या माणसांचा त्याग आराखड्याच्या हिशेबात 'उपलब्ध क्षेत्र' म्हणून जमा होतो. पण ज्यांच्या शेतावरून उद्या चित्ता जाणार आहे त्या बाहेरच्या गावांची तयारी मोजण्याचे तितके काटेकोर साधन त्यात दिसत नाही.

हे साधन नसले तर काय होते ते ओडिशातील सातकोसियाने दाखवले. २०१८ मध्ये तेथे कान्हातून एक वाघ आणि बांधवगडहून एक वाघीण नेली. जंगल होते, कागदोपत्री संरक्षणही होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वाघ शिकाऱ्यांच्या फाशात सापडून मेला. वाघिणीने माणसे मारल्याचा आरोप होऊन लोक संतापले. तिला पकडून पिंजऱ्यात ठेवावे लागले आणि २०२१ मध्ये मध्य प्रदेशात परत पाठवले गेले. राजस्थानातील सरिस्कातही शिकारीमुळे २००४-०५ पर्यंत वाघ संपले होते. २००८ मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने आणलेला पहिला नर २०१० मध्ये विषबाधेने मेला. ज्या कारणाने प्राणी नाहीसा झाला ते कारण दूर झाले आहे का, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या मार्गदर्शक तत्त्वांत अगदी सुरुवातीला येतो. आपल्याकडे तो सहसा शेवटी विचारला जातो.

मग कोणतीच जागा कधी पूर्ण तयार नसते, म्हणून काही करूच नये काय? तसे मुळीच नाही. पन्नाचे उदाहरण पाहा. २००९ मध्ये तेथेही एकही वाघ उरला नव्हता. बाहेरून दोन वाघिणी आणल्या आणि नोव्हेंबरमध्ये पेंचहून एक नर आणला. काही दिवसांतच तो नर पन्ना सोडून दक्षिणेकडे, आपल्या मूळ गावाच्या दिशेने चालू लागला. कागदावर पाहिले तर प्रयोग फसला होता. पण क्षेत्र संचालक श्रीनिवास मूर्ती आणि त्यांचे कर्मचारी हत्तींसह सुमारे महिनाभर त्याच्या मागे राहिले, वाटेतल्या गावांशी बोलत राहिले, आणि डिसेंबरच्या अखेरीस त्याला परत घेऊन आले. एप्रिल २०१० मध्ये त्याची पिल्ले जन्मली. आज पन्नात पन्नासहून अधिक वाघ आहेत. पन्नाचे जंगल २००९ मध्ये सातकोसियापेक्षा फार वेगळे होते असे नव्हे. तेथे प्राणी अपेक्षेबाहेर वागला तर काय करायचे याची तयारी माणसांत होती.

आराखड्याच्या यशाच्या कसोट्यांबद्दल शिक्षकांनी विशेष विचार करावा, कारण परीक्षा घेणे हे आपले रोजचे काम. पहिली कसोटी अशी की आणलेल्यांपैकी निम्मे चित्ते पहिल्या वर्षी जगावेत. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपैकी चौदा जिवंत होते, म्हणजे सत्तर टक्के. उत्तीर्ण! पण त्या दिवशी ते सगळे कुंपणात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. पोहण्याची परीक्षा काठावर बसवून घेतली तर कोणीच बुडत नाही. अपयशाची कसोटी तर आणखी सैल आहे. पाच वर्षांत चित्ते जगले नाहीत किंवा त्यांची वीण झाली नाही, तरच प्रयोग फसला. या दोन्ही कसोट्यांतून चांगली जागा आणि भरपूर खर्च यांतला फरक कळत नाही. जागेविषयी काही कळायचे असेल तर विचारायला हवे की कुंपणाबाहेर किती दिवस राहिले, उद्यानाच्या हद्दीत किती राहिले, आणि माणसाने दिलेल्या अन्नाविना किती जगले.

याचा अर्थ कुनोत काहीच साधले नाही असा नाही. मार्च २०२३ मध्ये तेथे चार पिल्ले जन्मली. मे महिन्याच्या कडाक्याच्या उन्हात त्यांतली तीन गेली. उरलेली एक मादी माणसांनी हाताने वाढवली. तिचे नाव मुखी. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिने स्वतः पाच पिल्लांना जन्म दिला. भारतात जन्मलेल्या मादीची ही पहिली वीण. डॉक्टरांचे आणि वनरक्षकांचे श्रम यात उघड दिसतात. एप्रिल २०२५ मध्ये दोन नर गांधीसागर अभयारण्यात हलवून दुसरी जागाही सुरू झाली. चित्ता भारतात जगू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर आशादायक आहे. कुनो एकटे त्याला पुरेल का, या प्रश्नाचे तसे नाही. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळू देता कामा नयेत.

महाराष्ट्रालाही यात शिकण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची एक वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, चांदोलीच्या जंगलात आणली गेली, आणि आणखी वाघ आणायचे आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी या भागांतल्या शाळांना ही बातमी घरचीच आहे. तेथील शिक्षकांनी मुलांना 'वाघ किती आले?' एवढेच विचारून थांबू नये. येथे पूर्वीचे वाघ कशामुळे कमी झाले आणि ते कारण आज आहे का? वाघ प्रकल्पाबाहेर गेला तर त्याच्या वाटेवर कोणती गावे येतात? गुरे मेली तर भरपाई किती दिवसांत मिळते? आणि प्रयोग फसला हे कशावरून ठरवायचे, ते आधी लिहून ठेवले आहे का? उत्तरे मुलांनी गावात फिरून, वनरक्षकाला आणि गुराख्याला विचारून आणावीत. त्यासाठी पदवी लागत नाही, वही-पेन्सिल पुरते. घर एका खोलीचे आहे की अनेक, हे त्या घराशेजारी राहणाऱ्यांना बहुधा आधीच ठाऊक असते.