शाप, उःशाप आणि बालक्रीडा

भयचित्रकथांचा मुलांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न १९५४ साली अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपुढे आला. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या संहितेने ‘भय’ व ‘दहशत’ या अर्थाचे शब्द अंकांच्या नावांतूनही हद्दपार केले. भारतातही १९५६ साली अल्पवयीनांना अपायकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा झाला. या साऱ्या खटाटोपामागे एक गृहीत होते : कागदावरचा शाप मुलाच्या मनात जसाच्या तसा उतरतो. वाचताना मूल त्यात स्वतःचे काही मिसळते, ही शक्यता फारशी कोणी विचारात घेतली नाही.

स्टीफन किंग यांनी लिहिलेल्या व जॉर्ज रोमेरो यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘क्रीपशो’ (१९८२) या चित्रपटात त्याच नावाची एक काल्पनिक भयचित्रकथा आहे. बिली ती वाचतो म्हणून बाप त्याला मारतो आणि अंक कचऱ्यात फेकतो. मधल्या कथा जोडण्यासाठी व्यंगचित्रपटाचे तंत्र वापरले आहे. अखेरीस सफाई कामगारांना सापडलेल्या अंकातून जादूच्या बाहुलीचे कूपन कापून घेतलेले असते. घरात बापाची मान दुखू लागते, कारण मुलगा बाहुलीला टोचत असतो. प्रसंग चटकदार खरा, परंतु त्यात खेळ नाही. मुलाने अंकातला शाप उचलला आणि वापरला, इतकेच. ज्या बंदीखोरांची चित्रपटाला थट्टा करावयाची आहे, त्यांचेच गृहीत त्याने नकळत खरे करून दाखविले!

बिल वॉटरसन यांच्या ‘कॅल्विन अँड हॉब्स’ (१९८५-९५) या व्यंगचित्रमालिकेतील हिममानवांचे प्रकरण याहून किती तरी मोलाचे आहे. सहा वर्षांचा कॅल्विन हिमाच्या दैत्यांना आवाहन करून बर्फाचा पुतळा जिवंत करतो. आवाहनाचा भडक थाट भयचित्रकथांच्याच वळणाचा. पुतळा निर्मात्यावरच उलटतो, स्वतःला आणखी एक डोके लावून घेतो, आपल्यासारखे दुसरे पुतळे घडवू लागतो. येथवर सारे ठराविक आहे. मात्र पुढे कॅल्विन रात्री पाण्याची नळी घेऊन बाहेर पडतो आणि त्या फौजेला जागच्या जागी गोठवून टाकतो. उपाय बर्फाच्या गुणधर्मातूनच निघाला आहे. तो बाहेरून आणलेला नाही.

भारतीय वाचकाला येथे उःशापाची आठवण होईल. ‘शाकुंतला’त दुर्वासाच्या शापालाही अंगठीची वाट ठेवलेली आहे. सूडाच्या भयचित्रकथेत अशी वाट सहसा नसते. कबरीतून उठलेला आपले काम पुरे करूनच थांबतो. मूल त्या शापाचा खेळ करते तेव्हा सुटकेचा नियम ते पदरचा घालते. विष-अमृताच्या खेळात ‘विष’ म्हणताच गोठलेला गडी सवंगड्याच्या स्पर्शाने सुटतो. ही सोय नसेल तर दुसऱ्या डावाला कोणी उभे राहणार नाही. बिलीच्या बाहुलीला ‘अमृत’ ठाऊक नाही, म्हणून तिच्यात क्रौर्य उरते.

वॉटरसन यांनी आणखी एक गोष्ट साधली आहे. हिममानव खरोखर चालले की नाही, याचा निवाडा ते करीत नाहीत. हॉब्स प्रत्येक संकटाचा साक्षीदार आहे, पण तो इतरांच्या लेखी कापडी वाघ. कडाक्याच्या थंडीत, ऐन मध्यरात्री, आईबापांना दिसतो तो केवळ अंगणात पाणी शिंपडणारा मुलगा, आणि ते त्याला रागावतात.