'सौभद्र' पडद्यावर यावे, पण कसे?

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे १९६७ सालचे 'कट्यार काळजात घुसली' २०१५ साली चित्रपटरूपाने आले आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे १९११ सालचे 'मानापमान' २०२५ च्या प्रारंभी. दोन्हींचे दिग्दर्शक सुबोध भावे. हा ओघ पाहता उद्या कोणाची दृष्टी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'कडे वळली, तर नवल नाही. त्या दिवसाचा विचार आधीच करून ठेवावा, असे आम्हांस वाटते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ही किर्लोस्करांची जन्मभूमी, आणि बेळगावात त्यांनी अध्यापनही केले. ह्या नाटकाशी आपले नाते घरचे आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. किर्लोस्कर १८८५ साली निवर्तले. ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालणारा स्वामित्वहक्क केव्हाच सरला आहे. 'सौभद्रा'चे कोणी काहीही केले, तरी वारस म्हणून हरकत घेणारा आज कोणी उरलेला नाही. देवस्थानाच्या दाव्यात देव अज्ञान समजला जातो व त्याच्या हिताची काळजी वाहण्याचे दायित्व इतरांवर येते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. 'सौभद्रा'ची अवस्था तशीच आहे. त्याचे पालकत्व आता रसिकांकडे आले आहे, आणि रसिकांजवळ अभिरुचीवाचून दुसरे साधन नाही.

खरी अडचण गाण्याची. 'कट्यार'मध्ये गाणे हा कथेचाच विषय. दोन गायक-घराण्यांचे वैर चाललेले असता पात्रे गातात, ह्यात प्रेक्षकाला काही विचित्र वाटत नाही. 'सौभद्रा'त गाणे हे पात्रांचे बोलणे आहे. रागावलेला बलराम, झुरणारी सुभद्रा, निराश अर्जुन ही सर्व माणसे मनातले सांगण्याकरिता गातात. शंभराहून अधिक पदांच्या ह्या नाटकातली पदे गाळून केवळ कथा उचलली, तर हाती उरते ती पुराणातील एक हरणकथा.

एक उदाहरण घेऊ. श्रीकृष्ण रुक्मिणीला पहाट दाखवितो, ते पद सर्वांच्या परिचयाचे आहे. रंगभूमीवर पहाट नसते. ती पदातून उगवते आणि श्रोता डोळे मिटूनही ती पाहतो. चित्रपटकार मात्र खरी पहाट, खरे दंव, खरे पक्षी दाखवू शकतो. ते त्याने दाखविले की पद निरुपयोगी झाले. जे डोळ्यांना दिसते तेच कानांनी पुन्हा कशाला ऐकावे? म्हणून त्या प्रसंगी कॅमेऱ्याने महालाबाहेर जाऊ नये. रुक्मिणीच्या मुद्रेवर पहाट उमटत गेली, तर चित्रपटाने नाटकाला न साधणारी गोष्ट साधली असे आम्ही म्हणू.

दुसरा धोका वैभवाचा. सोन्याची द्वारका, रत्नखचित मुकुट आणि आकाशातून सुभद्रेला उचलून नेणारा प्रचंड घटोत्कच हे सारे यंत्राच्या साहाय्याने आज सहज दाखविता येईल. परंतु 'सौभद्रा'तले यादव हे एक मराठी घर आहे. थोरला भाऊ दुर्योधनाकडे बहिणीचे लग्न जमवून बसलेला; धाकटा तोंडावर होकार देऊन आतून सूत्रे हलविणारा; आणि कपटी यतीला मोठ्या भक्तीने घरी आणून बहिणीला त्याच्या सेवेस लावणारा तोही थोरलाच! उत्सवाच्या रात्री देवळासमोरच्या मंडपात हे नाटक पाहणारा भाविक बलरामाला हसतो आणि पहाटे देवाला हात जोडून घरी जातो. त्याच्या श्रद्धेला ह्या हसण्याने कधी बाध आलेला नाही. देवाला घरातल्या माणसासारखे मानण्याची ही जवळीक भव्य देखाव्याखाली चिरडली जाईल, ही आमची भीती आहे. एखादा जुना वाडा, त्याचा सोपा आणि माजघर एवढी द्वारका ह्या कथेला पुरे.

ह्यावर कोणी म्हणेल की मग नाटकच जसेच्या तसे चित्रित करावे. तोही मार्ग चोखाळून झाला आहे. बाबूराव पेंटरांनी १९३७ साली 'साध्वी मीराबाई'त बालगंधर्वांचे नाटक पडद्यावर उतरविले. पण 'वन्स मोअर'ला पुन्हा गाणारा नट आणि तो मागणारा श्रोता हे दोघेही पडद्यावर येऊ शकले नाहीत. प्रयत्न फसला. म्हणून काटछाट करावीच लागेल. दोन-अडीच तासांत पंचवीस पदेही कष्टाने बसतील. ज्या पदाने कथा पुढे सरकते ते ठेवावे, केवळ गळ्याच्या करामतीसाठी रेंगाळणारे सोडावे, आणि ठेवलेले पद नटाने शक्यतो चित्रणाच्या वेळीच गावे.

चालींविषयी मात्र आम्ही सवलत देणार नाही. किर्लोस्करी संगीताने कानडी मुलखातल्या चालींचाही मोकळेपणाने स्वीकार केला. भाषा मराठी, चाल कानडी, आणि दोहोंचा संसार सुखाचा! जिल्हा कोणाचा ह्या वादाला १९५६ पासून तोंड देत आलेल्या आपल्या भागात ह्या गोष्टीचे मोल अधिक आहे. नव्या वाद्यमेळाच्या गजरात ती चाल बुजविली, तर सीमेच्या दोन्ही बाजूंना समाईक असलेली एक मिळकत आपण आपल्या हाताने घालवू. चित्रपट अवश्य निघावा. पण तिकीट काढताना पालकाची जबाबदारी आपण विसरू नये.