खिशातला कारभारी

फोनमधल्या 'सेटिंग्ज' नावाच्या दालनाचे परीक्षण कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. नाटकांची परीक्षणे होतात, दिवाळी अंकांची होतात, आपल्या अधिवेशनातल्या जेवणाची तर फारच परखड होतात. परंतु घरटी तीन-चार फोन असूनही त्यांच्या पोटात फुकट मिळालेल्या या अवजारांकडे आपण बॅटरी संपत आली की वैतागून एक नजर टाकतो, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध. माझ्या मते हे दालन एखाद्या ग्रंथासारखे वाचावे. काय लिहिले आहे, काय गाळले आहे, कोणता मजकूर दर्शनी आणि कोणता तळघरात, हे पाहिले म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनातले कळते. आपल्यासारख्यांना तर त्यात विशेष स्वारस्य हवे, कारण आपण घरातले जुने फोन मायदेशी नेऊन वडीलधाऱ्यांच्या हाती देतो आणि मग सातासमुद्रापलीकडून त्या फोनचे डॉक्टर होतो.

या ग्रंथातले सर्वोत्तम प्रकरण बॅटरीचे, आणि ते कसे लिहिले गेले तो इतिहास मोठा बोलका आहे. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितली तर ती पुरवणे तिला जमत नाही आणि चार्ज शिल्लक दिसत असतानाही फोन फट्कन बंद पडतो. ॲपलने जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ द्वारे यावर एक उपाय केला : आयफोन ६, ६एस, एसई या फोनांची बॅटरी थकली असेल तर फोनचा कमाल वेगच खाली आणायचा. इंजिनिअर या नात्याने मला हा उपाय मान्य आहे. बोलता बोलता मान टाकणाऱ्या फोनपेक्षा रेंगाळणारा फोन बरा. पण ही गोष्ट मालकाला नीट सांगितली गेली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये टोरांटोच्या प्रायमेट लॅब्जचे जॉन पूल यांनी फोनांच्या वेगाचे आलेख प्रसिद्ध केले आणि बिंग फुटले. कंपनीने माफी मागितली, ७९ डॉलरची बॅटरी-बदली २०१८ सालापुरती २९ डॉलरवर आणली, आणि मार्च २०१८ मध्ये आयओएस ११.३ बरोबर 'बॅटरी हेल्थ' हे पान अवतरले. पुढे २०२० मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड झाला आणि अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली.

म्हणजे आज आपण ज्या पानावर 'कमाल क्षमता ८४ टक्के' असे वाचतो, ते कारभाऱ्याने आपण होऊन उघडलेली वही नव्हे. ती मागून, भांडून उघडायला लावलेली वही आहे. असे असूनही, किंवा त्यामुळेच, ते पान चांगले उतरले आहे. एक आकडा, त्याखाली दोन वाक्यांत अर्थ, बॅटरी बदलण्याची वेळ आली असेल तर तसे स्पष्ट शब्द. सेटिंग्जमध्ये इतके सरळ गद्य अन्यत्र सापडणे कठीण.

त्या आकड्याचे मोल मला एका दुकानात कळले. पत्नीचा फोन मंद झाला होता. काउंटरवरच्या तरुणाने तो हातातही न घेता, मॉडेल जुने झाले, आता नवाच घ्या, असे हसतमुखाने सांगून हप्त्यांचे कोष्टक पुढे केले. आम्ही तिथेच उभ्या उभ्या ते पान उघडले. ७४ टक्के! हजारभर डॉलरचा प्रश्न शंभराच्या आत मिटला. फोन पुढे दोन वर्षे चालला.

अँड्रॉइडच्या घराण्यातही असाच प्रसंग घडलेला आहे. मार्च २०२२ मध्ये सॅमसंगच्या फोनांतली 'गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस' अनेक ॲप्सचा वेग दाबून ठेवते असे उघडकीस आले. वेग मोजणाऱ्या ॲप्सना मात्र ती हात लावत नव्हती! परीक्षक येणार म्हणून शाळा रंगवण्याचाच हा प्रकार. त्याच प्रायमेट लॅब्जने गॅलेक्सी एस२२ व आणखी काही मॉडेले आपल्या यादीतून काढून टाकली, आणि मग कंपनीने अपडेट देऊन निवडीचा अधिकार मालकाकडे सोपवला. 'ऑप्टिमाइझ' हा शब्द दिसला की मी आता थबकतो. कोणाच्या सोयीसाठी, हे तो शब्द कधीच सांगत नाही.

साठवणुकीचे प्रकरण त्या मानाने साधे, पण आपल्या लोकांसाठी अगदी जिव्हाळ्याचे. जागा पूर्ण भरली की फोन खरोखरच मंदावतो, कारण फ्लॅश मेमरीला नवे लिहिण्यासाठी मोकळे रकाने शोधत बसावे लागते. आणि आपल्याकडे जागा कशाने भरते? फुलांच्या, सूर्योदयाच्या, गणपतीच्या 'सुप्रभात' चित्रांनी. हा माझा खवचटपणा नाही. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये 'फाइल्स गो' हे ॲप आणले, त्यात अशी शुभेच्छाचित्रे ओळखून एकगठ्ठा पुसण्याची सोय होती, ती भारतीय फोनांचे हाल पाहूनच. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्येही कोणत्या गटाने किती जागा खाल्ली ते आकडेवारीनिशी दिसते. (आमच्या कुटुंबाच्या गटाचा आकडा इथे देत नाही. नातेसंबंध टिकवायचे आहेत.)

याच ठिकाणी बाहेरचे भोंदू वैद्य शिरतात. सांगलीहून मावशीचा फोन आला : "अरे, हा फोन म्हणतोय मी आजारी आहे, मला साफ करा. दाबू का?" तिने आधीच एक 'क्लीनर' घेतला होता आणि आता तोच तिला दर तासाला घाबरवत होता. मी तिला सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत नेले आणि तो काढून टाकायला लावला. पंचवीस मिनिटे लागली. पंचाहत्तरीच्या बाईला 'तीन उभे ठिपके' दाखवणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक. स्वच्छतेची, जागेची, बॅटरीची सर्व साधने फोनमध्ये असतात, फक्त ती ओरडत नाहीत. तीच गोष्ट उघडी ॲप्स बोटाने वर सरकवून 'मारण्याची'. मागे गेलेली बहुतेक ॲप्स फोन स्वतःच गोठवून ठेवतो. ती मारून पुन्हा उघडण्यातच जास्त वीज जाते. याने बॅटरी वाचते का, या प्रश्नावर २०१६ मध्ये ॲपलच्या क्रेग फेडरिगींनीही नकारच दिला होता.

सर्वात कमकुवत लेखन मला 'स्क्रीन टाइम' आणि 'डिजिटल वेलबीइंग' या २०१८ मध्ये आलेल्या जोडीत दिसते. आकडे भरपूर, आलेख सुंदर. पण मर्यादा संपली की आयफोनच्या पडद्यावर 'मर्यादा दुर्लक्षित करा' असे बटणही येते. दारूबंदीच्या फलकाखालीच गुत्ता! पासकोड घालून ते दार बंद करता येते, परंतु तो पर्याय आत जाऊन शोधावा लागतो.

मांडणीबद्दलही तक्रार आहे. आयफोनवर पडद्याची उजळी आपोआप जुळवण्याची कळ 'डिस्प्ले' मध्ये नाही, ती 'ॲक्सेसिबिलिटी' च्या पोटात आहे. ज्येष्ठांसाठी मोठ्या चित्रांचा, मोजक्या ॲप्सचा साधा पडदा, जो २०२३ च्या आयओएस १७ पासून मिळतो, तोही तिथेच. म्हाताऱ्या माणसांना सर्वात उपयोगी ते सर्वात खोल ठेवले आहे. अँड्रॉइड मात्र सबंध मराठीत वापरता येतो, आणि काही भाषांतरे खरोखर सुरेख आहेत. 'व्यत्यय आणू नका' हे तर एखाद्या कडक मास्तरांनी फळ्यावर लिहावे तसे. पण 'कॅशे' तसाच राहिला आहे, आणि मावशीला तो कॅश वाटतो. पैसे पुसले जातील म्हणून ती त्याला हात लावत नाही. तिचे काय चुकले?

आता जून २०२५ पासून युरोपीय संघाच्या नियमानुसार तिथे विक्रीस येणाऱ्या नव्या फोनांच्या बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. अशी आवर्तने किती झाली हे मालकाला दिसायला नको का? आयफोन १५ आणि पुढच्या फोनांत तो आकडा सेटिंग्जमध्ये छापलेला असतो. १४ आणि त्याआधीच्या फोनांत नसतो, आणि आपण बॅगेत घालून मायदेशी नेतो ते फोन नेमके तेच.