न आलेला, लपलेला आणि येऊन गेलेला

भोरला आमच्या अंगणात दर दिवाळीला मातीचा किल्ला होतो. वेल्ह्याकडच्या घरांतून मुले तोरणा नि राजगड रचतात. आमच्याकडे रोहिडा, कारण तो जवळचा आणि पायाखालचा. एका वर्षी सुट्टीला आलेल्या भाच्याला घेऊन मी किल्ल्यावर गेलो. तिथल्या दरवाज्यावर एक लेख मराठीत आहे आणि एक फारसीत. भाचा म्हणाला, “मामा, मराठीतले लोक तर आपले, पण ह्या दुसऱ्यांचं म्हणणं काय होतं?” मी मास्तर माणूस. वर्गात वर्षानुवर्षे सांगितलेले वाक्यच त्याला ऐकवले : “आदिलशाही नि निजामशाहीत शिया-सुन्नींची भांडणे असत.” त्याने मान डोलावली, पण आपण उत्तर दिलेच नाही, हे मला उतरतानाच कळले.

त्या अस्वस्थतेत मी फरिश्त्याचा ग्रंथ पुन्हा उघडला. हा इतिहास त्याने विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने लिहिला. त्याचे इंग्रजी रूप १८२९ साली जॉन ब्रिग्ज याने प्रसिद्ध केले. हा ब्रिग्ज साताऱ्यास रेसिडेंट होता. आमच्या पंतसचिवांचे भोर त्याच सातारा राज्याच्या जहागिरींपैकी. तेव्हा हे पुस्तक आम्हांला तसे परके नाही. परंतु वाचता वाचता माझे लक्ष एका गोष्टीवर खिळले. ज्या श्रद्धेपायी दख्खनचे खुत्बे पुन्हा पुन्हा बदलले, तिच्याकडे हा थोर बखरकार दोन वेगळ्या डोळ्यांनी पाहतो.

आधी ती श्रद्धा समजून घेऊ. अखेरच्या काळात ‘महदी’ नावाचा मार्गदर्शक येईल आणि अन्यायाने भरलेली पृथ्वी न्यायाने भरून टाकील, ही आशा मुसलमान समाजात फार जुनी. सुन्नी सामान्यतः म्हणतात, तो अजून यायचा आहे. बारा इमाम मानणारे शिया म्हणतात, तो आलेलाच आहे : अकरावे इमाम ८७४ साली वारले, त्यांचा पुत्र तोच बारावा, तो मेला नाही, दृष्टीआड झाला. आरंभी त्याचे चार प्रतिनिधी एकामागून एक त्याचा निरोप आणीत. ९४१ नंतर तेही थांबले. मोहरमातले ताबूत आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते तिसऱ्या इमामाच्या, हुसेनच्या शोकाचे. त्याच मालिकेतला शेवटचा हा लपलेला. पुण्याच्या बाजारात आपण ज्यांच्याकडून खरेदी करतो ते दाऊदी बोहरीही गुप्त इमाम मानतात; पण त्यांचा एकविसावा, तय्यिब, बाराव्या शतकात लपलेला. त्याच्या वतीने ‘दाई’ कारभार पाहतात.

आपल्याला हे अगदीच अनोळखी नाही. सिंहासनावर पादुका ठेवून नंदिग्रामात बसलेला भरत आठवा. धनी दूर आहे, कारभार त्याच्या नावाने चालवायचा. पण भरताला चौदा वर्षांची मुदत ठाऊक होती. इथे मुदतच नाही, आणि त्यामुळे भरताला न पडलेला प्रश्न इथे पडतो : मधल्या काळात जो राज्य करतो तो कोण, विश्वस्त की बळकावणारा?

तिसरे म्हणणे याहून विलक्षण. जौनपूरच्या सय्यद महंमदाने (१४४३–१५०५) स्वतःला महदी म्हणवले. त्याचे अनुयायी महदवी. त्यांच्या मते महदी येऊन गेला. आता वाट पाहायची नाही, तो सांगून गेला तसे जगायचे.

आता फरिश्त्याकडे वळू. १५३७ साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिरच्या उपदेशाने शिया मत घेतले. राजपुत्राचे दुखणे, बापाची घालमेल, रात्रीचे स्वप्न, त्यात दिसलेले इमाम हे सारे फरिश्ता मन लावून सांगतो. पुढे १५८९ साली जमालखान नावाच्या महदवी सरदाराने कोवळ्या इस्माईल निजामशहाला गादीवर बसवले, खुत्ब्यातली बारा इमामांची नावे काढली आणि महदवी पंथाला राजाश्रय दिला. इथे मात्र फरिश्त्याची लेखणी कोरडी होते. कट दिसतो, फौजा दिसतात. माणसांची श्रद्धा दिसत नाही.

याचे कारण उघड आहे. फरिश्ता स्वतः शिया. अहमदनगरात परदेशी लोकांची कत्तल झाली त्या वर्षी तो विजापूरला गेला, आणि पुढे जमालखानाशी झालेल्या लढाईत जखमी होऊन त्याच्याच हाती सापडला, मग निसटला. अशा माणसाकडून ममतेची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. शिवाय त्याचा राग निराधार नव्हता. गरिबीचे व्रत घेतलेला पंथ जमालखानाच्या हाती सत्तेचे हत्यार झाला, आणि त्याचा राजाश्रय दोन वर्षांत संपला. १५९१ साली बुलढाण्याकडच्या रोहणखेडला जमालखान पडला, दुसरा बुऱ्हाण गादीवर आला आणि खुत्ब्यात इमामांची नावे परतली.

पण राग खरा असला म्हणून वर्णन पुरे होत नाही. याला पुरावा बदायुनीचा. अकबराच्या दरबारातला हा कट्टर सुन्नी मुल्ला. जीभ तिखट, मतभेद झाला की कोणाची भीड ठेवणारा नव्हे. तोच बयाना गावच्या शेख अलाई या महदवी साधूची हकीकत सांगताना मऊ होतो. मिळेल ते सर्वांनी सारखे वाटून घ्यायचे. रात्री मीठ, पीठ, पाणीसुद्धा ओतून टाकून भांडी पालथी घालायची, उद्याचे देव पाहील, अशी ती मंडळी. १५५० साली इस्लामशहा सूरच्या आज्ञेने या अलाईला फटके मारले. आजाराने आधीच खचलेला तो तिसऱ्या फटक्याला गेला. बदायुनी त्या पंथाचा नव्हता. तरी ती पालथी भांडी त्याने टिपून ठेवली, आणि त्या एका तपशिलाने मला महदवींविषयी जे कळले ते फरिश्त्याच्या साऱ्या मोहिमांनी कळले नव्हते.

दख्खनच्या राजकारणाचा इतिहासकार म्हणून फरिश्ता थोरच; त्याच्यावाचून आपले पान हलत नाही. पण श्रद्धेविषयी लिहिताना बदायुनी त्याच्या पुढे गेला, असे माझे मत आहे. विरोधकाची चूक दाखवणे सोपे. तो सकाळी उठून काय करी, रात्री चूल विझवताना कशावर विसंबे, हे सांगायला मन मोठे लागते. हाच निकष आपल्या बखरींना, कादंबऱ्यांना आणि माझ्यासारख्या मास्तरांच्या वर्गातल्या वाक्यांनाही लावावा. आमच्या खोऱ्यांवर कधी निजामशाही, कधी आदिलशाही होती. त्या माणसांशी लढून महाराजांनी राज्य मिळवले. समोरच्याला मन नव्हते असे धरले, तर त्या लढ्याचीही किंमत आपण कमीच करतो.

यंदा भाचा येईल तेव्हा किल्ला पुन्हा होईल. त्या वर्षीच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला देणे लागतो. सुरुवात पालथ्या घातलेल्या भांड्यांपासून करीन म्हणतो; मुलांना ते आधी कळेल.